पुडी कडू कशाने झाली

मोहगाव रस्त्यावरच्या बंद पडलेल्या संत्रा शेडमध्ये चारशे माणसं जमिनीवर बसली होती आणि मंचावर एक माणूस भाकर खात होता.

बघायला एवढंच होतं. ज्वारीची कोरडी भाकर, सोबत ना भाजी ना पाणी. तो तुकडा मोडायचा, चावायचा, गिळायचा. गिळताना मानेवरची शीर हलली की लोक हात जोडत. पुडीवाले महाराज माइक धरून शेजारी उभे होते. त्यांच्या मागे संत्र्यांच्या जुन्या लाकडी पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, त्यांवर भगवी चादर.

"एकवीस दिवसांआधी हा माणूस पाण्याचा घोट गिळू शकत नव्हता," महाराज म्हणाले. "डाक्टर म्हणे, नाकातून नळी टाका. नाकातून! अरे, मंग भगवंतानं तोंड कायले देलं? बिडी प्यायले?"

लोक हसले.

"डाक्टर म्हणे, बरा होत नाही, फक्त दिवस वाढतीन. मी म्हणतो मुळासकट काढतो. आता तुमीच सांगा, कोणाच्या दुकानात जाल?"

"महाराजांच्या!" शेड दणाणली.

भाकर संपली. त्या माणसाने रिकामे हात वर केले. पुढच्या रांगेत माझी आई, शकुबाई, ढसाढसा रडत होती. मंचावरचा माणूस माझे वडील होते.

मी मागे, लोखंडी खांबाला टेकून उभी होते. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि पांढुर्ण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. खोटेपणा पकडायला मी तिथे गेले होते. पण खोटं काही दिसलं नाही. बाबूजींनी खरंच भाकर खाल्ली होती. मानेची सूज खरंच उतरली होती. रात्री ते कण्हत नव्हते. जे डोळ्यांनी दिसलं ते नाकारणं हे विज्ञान नव्हे. पण ते कशाने झालं, ते मला सांगता येत नव्हतं.

बाबूजींनी, म्हणजे नत्थूजींनी, याच शेडमध्ये पंधरा वर्षं संत्री निवडली. फळ पंजात घेऊन माप सांगायचे. त्या पंजात दुसरी एक गोष्टही कायम असे: तंबाखू आणि चुना. अंगठ्याने मळायचे, गालात धरायचे. मागच्या वर्षी त्याच गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि दहा महिन्यांनी गाठ परत आली, या वेळी मानेत आणि घशात.

नागपूरच्या कॅन्सर दवाखान्यात डॉ. प्रणाली यांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पुन्हा कापता येणार नाही. आता औषध रक्तातून सगळ्या शरीरात जाईल असं द्यावं लागेल. एक, सलाइनमधून केमो. पण शेकांच्या वेळी दिलेल्या त्याच औषधाने बाबूजींचे कान अधू झाले होते, अंगात ताकदही नव्हती. दोन, शरीराच्या स्वतःच्या पेशींना गाठीवर सोडणारं नवं इंजेक्शन; ते थोड्यांनाच लागू पडतं, महाग असल्याने सध्या आमच्या आवाक्यात नव्हतं, पण कमी मात्रेत कुठे मिळतं का ते त्या बघणार होत्या. तीन, गोळ्या. दर बुधवारी नऊ छोट्या पिवळ्या गोळ्या, मेथोट्रेक्झेटच्या. आठवड्यातून एकदाच. शिवाय रोज एक दुसरी कॅप्सूल, आणि दुखण्यासाठी, सुजेसाठी आणखी काही.

"बुधवार म्हणजे बुधवार," त्या बाबूजींना मोठ्याने म्हणाल्या. "चुकून रोज घेतल्या तर हीच गोळी विष आहे."

"अन् बरा होईन ना मी?" बाबूजींनी विचारलं.

"नाही काका. पण गाठ थांबेल काही महिने. खाता येईल, बोलता येईल. सहा ते दहा महिने मिळाले तर ते आपण चांगले घालवू."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "कसं व तोंड आहे तिचं! कोणी असं बोलते का?"

दोन बुधवार झाले. तिसऱ्या बुधवारच्या आधी सौंसरहून कोणीतरी आईला महाराजांचं सांगितलं.

महाराजांचा नियम साधा होता. पहिल्यांदा येणाऱ्याने दवाखान्याच्या साऱ्या गोळ्या सोबत आणायच्या, पाकिटातून एकेक मोकळी करायची आणि स्वतःच्या हाताने पितळी घागरीत सोडायची. याला 'विषत्याग' म्हणत. गोळ्या जाम नदीत सोडल्या जातात, असं सांगत. मग गुरुवारी आणि रविवारी पुड्या मिळत, रोज एक, उपाशीपोटी. पैसा एकही नाही. सात जंगलांतल्या सात मुळ्यांचं चूर्ण.

बाबूजींनी त्या दिवशी घागरीत सत्तर-ऐंशी गोळ्या सोडल्या. मी लॅबमध्ये होते. घरी आले तेव्हा रिकामी पाकिटं चुलीत जळत होती.

"तू शिकेल हायेस," आई म्हणाली, "पण तुझ्या शिक्षणानं तुझा बाप बरा होऊन राहिला का? नाही ना? मंग गप."

तीन आठवड्यांनी बाबूजींनी मंचावर भाकर खाल्ली, आणि मी खरोखर गप बसले.

पण एक गोष्ट मनात राहिली. मंचावर दर वेळी नवा माणूस असायचा. आमच्या पहिल्या आठवड्यात माइकवर बोलून गेलेला बोरगावचा शिक्षक परत दिसला नाही. तिगावची एक बाई दिसली नाही. विचारलं की एकच उत्तर: "पथ्य मोडलं त्याईनं."

एकदा जेवताना मी म्हटलं, "बाबूजी, तुम्ही व्यापाऱ्याची पेटी वरून पाहून पास करत होते का?"

"येडी हायेस का? वरच्या थरात साले चांगलीच संत्री लावत. खाली बारकी, सडकी. मी पेटी पालटून पाहो."

"मग महाराजांच्या पेटीचा खालचा थर कुठे आहे?"

त्यांनी घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "मले भूक लागून राहिली, उर्वशी. दीड वर्षानंतर लागून राहिली. तू मले ते नको इचारू."

पाचव्या आठवड्यात ही भूक विचित्र झाली. चेहरा गोल झाला, फुगला. झोप उडाली. मी बोटातून रक्त घेतलं तर साखर दोनशे नव्वद. त्यांना मधुमेह कधीच नव्हता. मग जीभ सोलली. हिरड्या, ओठ, टाळू, सगळीकडे फोड. पाणीही झोंबायला लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली, चौदाशेवर आलेल्या.

महाराजांकडे याचंही उत्तर तयार होतं. "विष तोंडावाटे निघून राहिलं, नत्थूजी! जेवढं जळन तेवढी मुळी हलून राहिली समजा."

मी डॉ. प्रणालींना फोन केला. त्या म्हणाल्या, आत्ता घेऊन या. बाबूजी खाटेवरून उठेनात. "मुळी निघून राहिली अन् तू मले दवाखान्यात नेतं? आठ दिवस थांब." त्या म्हणाल्या, "मग निदान ती पुडी आत्ताच्या आत्ता बंद करा. अंगात थोडाही ताप आला तर त्यांना विचारू नका, उचलून आणा."

पुडी बंद कशी करणार? ते मोजून घेत. म्हणून मी चोरी केली. पुड्यांमधलं चूर्ण काढून घेतलं आणि त्या जागी दळलेली साखर भरली, कडूपणासाठी कडुनिंबाचा चिमूटभर पाला वाटून घातला. महाराजांची युक्ती मी माझ्या बापावर वापरली. त्याची लाज अजून वाटते.

काढलेलं चूर्ण चहाच्या गाळणीतून गाळलं. खाली पडली ती पिठीसाखरच, जिभेवर आधी गोड, मग कडू. गाळणीत एक बारीक तुकडा उरला. नखाएवढा अर्धचंद्र. एक कड गुळगुळीत, गोलाईदार. आणि मधोमध सरळ रेघ, गोळी मोडण्यासाठी असते तशी.

सात जंगलांतल्या कुठल्या मुळीला मशीनची रेघ असते?

मी तो तुकडा हातावर घेऊन लक्षणं एकेक करून जुळवली. सूज उतरणं, भूक लागणं, चेहरा फुगणं, साखर वाढणं: हे स्टेरॉइड करतं. दुखणं थांबणं: वेदनाशामक. तोंड सोलणं, पेशी पडणं: रोज पोटात गेलेलं मेथोट्रेक्झेट. हे सगळं शेडमध्ये आणायला महाराजांना कुठल्याही दुकानात जावं लागत नव्हतं. आम्हीच ते आपल्या हाताने, मोकळं करून, पितळी घागरीत देत होतो.

पण हा तर्क झाला, पुरावा नव्हे. आणि माझा तर्क बाबूजींच्या पोटातल्या भाकरीपुढे टिकणारा नव्हता.

हळद आणि चुना एकत्र केले की लाल रंग येतो. कुंकू तसंच बनतं, आमच्या भागात लहान पोरीलाही माहीत असतं. मी आधी जुन्या पुडीवर चुना टाकून पाहिला. रंग बदलला नाही. रांगेतल्या ओळखीच्या बायकांकडून नऊ पुड्या मागून आणल्या. एकीचाही नाही. म्हणजे पुडीत हळद नव्हती.

मग मी मेडिकलमधून हळदीच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या घेतल्या. साध्या, निरुपद्रवी, कोणाच्या पोटात गेल्या तरी अपाय नाही. गुरुवारी आईसोबत शेडमध्ये गेले आणि महाराजांचा सेवक गजेंद्र याच्यासमोर घागरीत ओतल्या.

"अजून उरल्या होत्या का तुमच्या घरी?" त्याने विचारलं.

"हो दादा. कपाटात सापडल्या."

"टाका टाका. जेवढ्या हायेत तेवढ्या टाका." तो खूश दिसला. गोळ्या त्यांना नेमक्या कशासाठी हव्यात, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

रविवारी बाबूजी स्वतःच लवकर उठले. चार-पाच दिवस नुसत्या साखरेवर काढल्याने दुखणं परत आलं होतं. "पुडी जुनी झाली वाटते. ताजी आणू." आई आणि मी त्यांना धरून शेडमध्ये नेलं.

पुड्या वाटून झाल्या. महाराज शंका विचारायला माइक फिरवत असत. शंका म्हणजे बहुधा 'वांगं चालन का' एवढीच. मी माइक घेतला.

"महाराज, या पुडीत हळद आहे का?"

"हळद?" महाराज मोठ्याने हसले. "अवं बाई, हळद त तुह्या घरच्या डब्ब्यात हाय! हळदीसाठी एवढ्या दूर काहून आली? याच्यात सात मुळ्या. आठवी चीज नाही. हळदीचा एक कण निघाला त आज गादी सोडतो, लिहून घे!"

"नक्की?"

"ह्या चारशे माणसांसमोर सांगून राहिलो."

मी लोकांकडे वळले. "कोणाजवळ चुना आहे का?"

खिशातून, कमरेच्या पिशवीतून, लुगड्याच्या ओच्यातून चुन्याच्या डब्या निघायला लागल्या. दहा, वीस, चाळीस. तोंडाच्या कॅन्सरसाठी रांगेत बसलेल्या माणसांकडे इतक्या डब्या. काहींनी ओशाळून पुन्हा झाकल्या. मला वाटतं त्या शेडमध्ये मी पाहिलेली सगळ्यात भयंकर गोष्ट तीच होती.

मी घरून आणलेली हळद हातावर घेतली, चुना लावला. लाल. मागच्या आठवड्याची पुडी घेतली, चुना लावला. काही नाही. "आता आजची पुडी तुम्ही स्वतःच पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या हातावर पाहा."

"हा पवित्र चूर्णाचा अपमान—" महाराजांनी माइक ओढायला हात पुढे केला.

बाबूजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चुन्याची पत्र्याची छोटी डबी काढली. वर्षभरापूर्वी ती फेकली असं त्यांनी आम्हाला शपथ घेऊन सांगितलं होतं. पुडी उघडली, तळहातावर ओतली, बोटाने चुना घेतला आणि अंगठ्याने मळायला लागले. तीस वर्षांची सवय. अंगठा आपोआप फिरत होता.

हात लाल झाला.

ते हाताकडे पाहत राहिले. आजूबाजूला एकेक हात लाल होत होता. कोणीतरी ओरडलं, "माह्या पुडीत बी निघालं!" एका म्हातारीने घाबरून हात पदराला पुसला.

"ही हळद मी गुरुवारी घागरीत टाकली," मी सांगितलं. "गोळ्या करून. नदीत जायला पाहिजे होती. तुमच्या पुडीत आली. म्हणजे तुम्ही टाकलेल्या गोळ्याही तुमच्याच पुडीत येतात. दळून, मिसळून, कोणाच्याही कोणाला."

"विज्ञान जिथं संपते," महाराजांनी सुरू केलं, "तिथून अध्यात्म—"

"तिथून मिक्सर सुरू होते," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला, पण लगेच विरला. काही जण पेट्यांमागे गेले. भगव्या चादरीमागे मिक्सर होता, साखरेचं पोतं होतं आणि पितळी घागर, अर्धी भरलेली.

गजेंद्रची कॉलर दोघांनी धरली. तो रडायलाच लागला. "आधी फेकतच होतो जी नदीत! आईशप्पथ! पण नुसती साखर गोड लागे. लोक म्हणत, हे औषध हाय का परसादाची शिरणी? पुडी कडू पाहिजे. कडू लागलं की लोकाईले पटते. मंग महाराज म्हणे, गोळ्या कडूच असतात, फेकतं काहून?"

म्हणजे कुठलंही ज्ञान नव्हतं, कटही नव्हता. त्या माणसाला स्टेरॉइड काय ते माहीत नव्हतं, मेथोट्रेक्झेट काय ते माहीत नव्हतं. त्याला फक्त चव पाहिजे होती. चवीसाठी त्याने चारशे लोकांचं औषध एकमेकांत कालवलं, आणि ज्यांना लागू पडलं त्यांना मंचावर भाकर खायला बसवलं.

मला वाटलं, आता लोक समजतील. तेवढ्यात प्रेमलताबाई उठल्या; त्यांचा मुलगा जिभेच्या कॅन्सरने आजारी होता. त्या मला म्हणाल्या, "मंग महाराज खोटे कसे व बाई? पुडीत खरं औषध हाय, असं तूच त सांगून राहिली. डाक्टर देते तेच हे देते, अन् फुकट देते!"

दोन-चार माना होकारार्थी हलल्या.

मी काही बोलण्याआधी बाबूजी बोलले. तोंड फोडांनी भरलेलं, शब्द तुटत होते. "वहिनी, माही गोळी बुधवारची होती. बुधवारीच घ्यायची, नाही त विष, असं डाक्टरीणबाईनं सांगतलं होतं. ह्यानं मले ती रोज चारली. कोणाची किती, त्याले बी माहीत नाही." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "हे पाहा. मुळी नाही निघून राहिली. माही चमडी निघून राहिली."

प्रेमलताबाई खाली बसल्या. हातातली पुडी मात्र त्यांनी टाकली नाही.

गोंधळात महाराज मागच्या दाराने निघून गेले. आम्ही ठाण्यात लेखी तक्रार दिली, घागर आणि पुड्या जमा केल्या. चौकशी चालू आहे, असं सांगतात.

बाबूजींना त्याच दुपारी नागपूरला नेलं. त्या औषधावर उतारा असतो. तो सुरू केला. बारा दिवसांनी तोंडाची आग कमी झाली, पेशी वर आल्या. पण घशातली गाठ त्या सहा आठवड्यांत थांबली नव्हती. स्टेरॉइडने सूज उतरवली होती, गाठ नाही. डॉ. प्रणालींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, फार कमी मात्रेने. नव्या इंजेक्शनची कमी मात्रा मिळाली तेव्हा ते पेलण्याची ताकद उरली नव्हती. अन्नासाठी शेवटी नळी घालावी लागली, नाकातूनच.

एकदा बाबूजी त्यांना म्हणाले, "महाराज म्हणे मुळासकट. तुमी म्हणे काही महिने. तुमचंच खरं निघालं, याचंच वाईट वाटते."

डॉक्टरांनी बाबूजींची उशी सरळ केली.

ते पाच महिने जगले. दर बुधवारी सकाळी आईच गोळ्या मोजून द्यायची आणि कॅलेंडरवर टिंब करायची. ती पुन्हा कधीच मला 'गप' म्हणाली नाही. त्याहून वाईट, ती स्वतःच गप झाली.

ती पत्र्याची डबी आता माझ्याकडे आहे. बोरगावला, तिगावला, जिथे बोलावतील तिथे मी ती आणि थोडी हळद घेऊन जाते. हात लाल करून दाखवते. लोक टाळ्या वाजवतात, जादू पाहिल्यासारख्या. मी त्यांना सांगते, टाळ्या नको. घरी कोणी आजारी असेल, आणि कोणी पुडी, ताईत, तेल, पाणी काहीही देत असेल, तर तीन प्रश्न विचारा. यात काय आहे? किती आहे? आणि ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? उत्तर मिळालं नाही तर उठून या. दवाखान्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याही घागरीत टाकू नका. डॉक्टर कडू बोलले तर त्यांच्याशी भांडा, दुसऱ्या डॉक्टरकडे जा, पण खरं ऐका. दिवस थोडे असले तरी ते आपले असतात.

आणि शेवटी बाबूजींचं सांगते, कारण ते माझ्यापेक्षा हुशार होते आणि एकदाच चुकले. मंचावर भाकर खाणारा माणूस हा पेटीचा वरचा थर असतो. पेटी पालटून पाहा.